भाषणांवरून नेत्यांचा राजकीय कल मोजायचाय? मग आधी मॉडेल कुठल्या शब्दांना धरून बसलंय ते बघा

दरवर्षी प्रोजेक्टचा सीझन आला की दोन-तीन मुलामुलींचे मेसेज येतात, दादा आम्हाला आमदार-खासदारांची भाषणं घेऊन मशीन लर्निंगने कोण डावं कोण उजवं ते काढायचंय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला तेच तेच सांगतो म्हणून यावेळी एकदाच नीट लिहून ठेवतोय. थोडं पायथॉन किंवा आर येतं आणि विधानसभेचं कामकाज कधीतरी टीव्हीवर बघितलंय एवढंच गृहीत धरलंय. विषय मला फार जवळचा आहे, आणि घाईघाईत काढलेला एक आकडा एखाद्या माणसाच्या नावापुढे कसा कायमचा चिकटतो तेही बघितलंय, त्यामुळे काही ठिकाणी मी जरा जास्त थांबणार आहे.

आधी हे समजून घ्या की मजकूरच का. अमेरिकेत किथ पूल आणि हॉवर्ड रोझेंथल यांनी सदस्यांच्या मतदानावरून कल काढायची पद्धत बसवली, डीडब्ल्यू-नॉमिनेट, तिचा पहिला अक्ष उणे १ ते अधिक १, डावीकडे लिबरल उजवीकडे कंझर्व्हेटिव्ह. तिथे सदस्य स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो म्हणून त्या मताला काहीतरी अर्थ असतो. आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं, पक्षाचा व्हिप मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं, त्यामुळे मतदानाच्या आकड्यांतून एका पक्षातल्या दोन आमदारांमधला फरक जवळजवळ कधीच दिसत नाही, सगळे एकाच ठिकाणी ठिपक्यासारखे जमतात. मग उरतं काय तर माणूस बोलतो काय. म्हणून आपल्यासाठी मजकूर हा हौसेचा पर्याय नाहीये, जवळजवळ एकमेव आहे.

मूळ कल्पना अगदी साधी आहे, एकाच गोष्टीला दोन माणसं वेगवेगळ्या नावाने हाक मारतात आणि त्या हाकेतून ती कुठे उभी आहेत ते कळतं. मॅथ्यू गेंट्झको आणि जेसी शपिरो यांनी २००५ सालच्या अमेरिकन काँग्रेसच्या कामकाजातून असे शब्दप्रयोग शोधले. वारसाहक्काच्या संपत्तीवरचा कर एकच, पण रिपब्लिकन त्याला डेथ टॅक्स म्हणत होते आणि डेमोक्रॅट इस्टेट टॅक्स. आपल्याकडेही असे शब्द भरपूर आहेत. 'आदिवासी' आणि 'वनवासी' घ्या, संघपरिवारातल्या संघटनेच्या नावातच वनवासी कल्याण आश्रम आहे आणि दुसरी बाजू आदिवासी हाच शब्द धरून असते, इथे शब्दामागे खरोखर एक विचार आहे. किंवा औरंगाबाद आणि संभाजीनगर. १९८८ पासून शिवसेना संभाजीनगर म्हणत आली, तेव्हा हा शब्द तोंडातून आला की माणूस कुठला ते कळायचं, पण २०२३ मध्ये नाव अधिकृत झालं आणि आता सरकारी कागदात सगळेच छत्रपती संभाजीनगर लिहितात, म्हणजे शब्द तोच राहिला आणि त्यातली माहिती निघून गेली. शब्दाचं वजन काळाप्रमाणे बदलतं हे आत्ताच डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोजायचंय काय ते एका वाक्यात लिहा

लॅपटॉप उघडायच्या आधी वहीत लिहा. 'कल मोजायचा' हे वाक्य नाही. 'शेती आणि उद्योगात सरकारने जास्त करावं की बाजारावर सोडावं याबद्दल हा सदस्य कुठे आहे' हे वाक्य आहे. डावं-उजवं ही जोडी जशीच्या तशी उचलून आपल्याकडे लावली की घोळ होतो, कारण आपल्याकडचे बरेच पक्ष सबसिडीच्या बाबतीत सारखंच बोलतात. प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी २०१८ साली भारतासाठी दोन अक्ष मांडले, एक म्हणजे सरकारने समाजाच्या चालीरीतींमध्ये आणि मालमत्तेच्या वाटपात किती हात घालावा, आणि दुसरा म्हणजे मागासलेल्या आणि अल्पसंख्याक गटांना वेगळी ओळख देऊन सवलती द्याव्यात की नाही. मला स्वतःला ही मांडणी महाराष्ट्रासाठी डाव्या-उजव्यापेक्षा कितीतरी उपयोगी वाटते. तुम्ही यापेक्षा वेगळा अक्ष घ्या हवं तर, पण एकच घ्या आणि लिहून घ्या.

मजकूर गोळा करताना

लोकसभेची चर्चा वेबसाइटवर मिळते, विधिमंडळाच्या कामकाजाचे पीडीएफ असतात, सभांची भाषणं यूट्यूबवर असतात. तिन्ही एकत्र कालवू नका. सभेतला माणूस आणि सभागृहातला माणूस वेगळं बोलतो, मॉडेलला तो फरक सगळ्यात आधी दिसतो आणि ते त्यालाच कल समजून बसतं. भाषेचंही तेच, आपल्या ४८ खासदारांपैकी कोणी हिंदीत बोलतं कोणी मराठीत कोणी इंग्रजीत, तिन्ही भाषा एका टेबलात टाकल्या तर पहिला अक्ष भाषेचाच निघणार. एक भाषा, एक व्यासपीठ.

सभागृहाच्या कामकाजातून सुद्धा सगळं घ्यायचं नसतं. तारांकित प्रश्नाचं छापील उत्तर मंत्र्याच्या नावावर असतं पण ते लिहिलेलं असतं खात्यातल्या अधिकाऱ्यांनी, ते काढा. अध्यक्ष आणि तालिका अध्यक्ष यांचं बोलणं काढा, ते सभागृह चालवतात, मत मांडत नाहीत. कंसातले 'अडथळा', 'गोंधळ' काढा. 'अध्यक्ष महोदय', 'सन्माननीय सदस्य' हेही काढा. लक्षवेधी सूचना ठेवा पण त्या बऱ्याचदा एका तालुक्याच्या एका पुलाबद्दल असतात हे लक्षात असू द्या. सगळ्यात चांगला माल मिळतो तो राज्यपालांच्या अभिभाषणावरच्या चर्चेत, अर्थसंकल्पावरच्या सर्वसाधारण चर्चेत आणि नियम २९३ खालच्या चर्चेत, कारण तिथे बरेच जण एकाच विषयावर बोलतात. याचं महत्त्व पुढे सांगतो.

साफसफाई, इथे घाई करू नका

हा भाग कोणी नीट शिकवत नाही आणि अर्धे प्रोजेक्ट इथेच वाया जातात. माझं स्वतःचं झालंय. मराठवाड्यातल्या आमदारांची दुष्काळावरची भाषणं घेतली, सायकिट-लर्न या पायथॉनच्या मशीन लर्निंग लायब्ररीतला काउंट व्हेक्टरायझर, म्हणजे शब्द तोडून मोजणारं टूल, जसा येतो तसा चालवला आणि सगळ्यात जास्त वेळा आलेल्या शब्दांची यादी छापली. यादीत 'तकर' होतं, 'सरक' होतं, आणि 'पाणी' नव्हतं. दुष्काळावरची भाषणं आणि पाणी नाही! दोन तास मी भाषणंच चुकीची उतरवली गेली म्हणून शोधत होतो.

झालं होतं असं. या टूलची शब्द तोडायची मूळ सेटिंग अक्षरं आणि आकडे धरते, पण पायथॉनच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही अक्षरं नाहीत. म्हणजे जिथे मात्रा आली तिथे शब्द तुटतो, आणि एका अक्षराचे तुकडे ते टाकून देतं. 'शेतकरी' मधला श मात्रेपाशी तुटून गेला, उरलं 'तकर'. 'सरकार' चं झालं 'सरक'. 'पाणी' मध्ये प वेगळा ण वेगळा, दोन्ही एकेकटे, दोन्ही गेले, अख्खा शब्द गायब. आणि सगळ्यात वाईट म्हणजे 'कर्जमाफी', त्याचे तुकडे होतात 'कर' आणि 'जम', म्हणजे आमदार बोलतोय कर्जमाफीबद्दल आणि तुमच्या टेबलात नोंद होतेय कराची. एरर येत नाही, प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो, अॅक्युरसीचा आकडा पण चांगला दिसतो. उपाय सोपा आहे, शब्द कसे ओळखायचे तो पॅटर्न स्वतः द्या, देवनागरीचा अख्खा युनिकोड ब्लॉक ०९०० ते ०९७एफ एकत्र धरा, सोबत झिरो विड्थ जॉइनर म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह धरा, आणि दंड म्हणजे पूर्णविरामाची उभी रेघ आधी काढून टाका कारण ती याच ब्लॉकमध्ये बसते. आर मधलं क्वांटेडा हे मजकुराचं पॅकेज वापरत असाल तर हा त्रास होत नाही. पण काहीही वापरा, यादी छापून डोळ्यांनी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी अडचण ऱ्य ची. 'शेतकऱ्यांना' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, कॉम्प्युटरसाठी दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन केलं तरी हे एक होत नाहीत, स्वतः बदलून घ्यावं लागतं. ॲ चं पण असंच, बँक-ॲप वाली बरीच नावं दोन रूपांत सापडतात. आणि एका पक्षाच्या ऑफिसात एक कीबोर्ड आणि दुसऱ्याच्या ऑफिसात दुसरा असेल आणि तुम्ही त्यांच्या प्रसिद्धिपत्रकांवर काम करत असाल तर मॉडेल चक्क कीबोर्ड ओळखायला शिकेल.

जुन्या पीडीएफचं वेगळंच आहे. त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात, कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. तिथे कन्व्हर्टरच्या मागे लागण्यापेक्षा पानं इमेज म्हणून घ्या आणि टेसरॅक्ट या टूलच्या मराठी मॉडेलने ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढा. मग कुठलीही दहा पानं काढून मूळ पानाशी स्वतः ताडून बघा.

राहिले प्रत्यय. शेतकऱ्यांना, शेतकऱ्यांचा, शेतकऱ्यांनी, शेतकऱ्यांसाठी, शेतकऱ्यांमुळे, एकाच शब्दाचे दहा शब्द होतात आणि प्रत्येकाचा आकडा लहान. शेवटचे ना, ला, नी, चा, साठी, मुळे, वर, कडे कापून टाकायचा मोह होतो, कापा, पण आधी अपवादांची यादी करा नाहीतर 'महिला' चं 'महि', 'कंपनी' चं 'कंप' आणि 'योजना' चं 'योज' होईल. ज्यांना ही कटकट नकोय त्यांनी पूर्ण शब्दांऐवजी तीन ते पाच अक्षरांचे तुकडे वापरा, निकाल बरा येतो, फक्त नंतर शब्द वाचून समजून घ्यायचं काम अवघड होतं आणि मला ते काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून मी प्रत्यय कापतो.

पहिला आकडा कागदावर काढा

मायकल लेव्हर, केन बेन्वा आणि जॉन गॅरी यांची २००३ ची वर्डस्कोअर्स पद्धत कागदावर करून बघण्यासारखी आहे. दोन मजकूर असे घ्यायचे ज्यांची जागा तुम्हाला आधीच पक्की माहीत आहे. समजा एक जाहीरनामा 'सरकारने जास्त करावं' वाला, त्याला उणे १, दुसरा 'बाजारावर सोडा' वाला, त्याला अधिक १. आता 'अनुदान' हा शब्द पहिल्यात दर हजार शब्दांत ८ वेळा आहे आणि दुसऱ्यात २ वेळा. म्हणजे हा शब्द दिसला तर तो पहिल्यातला असण्याची शक्यता ०.८ आणि दुसऱ्यातला ०.२, ०.८ गुणिले उणे १ आणि ०.२ गुणिले अधिक १ यांची बेरीज केली की शब्दाचा स्कोअर झाला उणे ०.६. 'गुंतवणूक' पहिल्यात १ दुसऱ्यात ९, स्कोअर अधिक ०.८. 'आणि' दोन्हीकडे सारखाच, स्कोअर शून्य.

आता नवीन भाषण आलं, त्यात अनुदान ३ वेळा, गुंतवणूक १ वेळा, आणि 'आणि' १६ वेळा. बेरीज उणे १.८ अधिक ०.८, म्हणजे उणे १. भागिले २० शब्द, उत्तर उणे ०.०५. बघितलंत का, माणूस मध्यावर येऊन बसला. फक्त 'आणि' काढून टाकला तर तेच उत्तर उणे १ भागिले ४, म्हणजे उणे ०.२५. म्हणूनच या पद्धतीत कच्चे आकडे सगळे मध्याकडे गोळा होतात आणि त्यांना परत ताणून मूळ पट्टीवर आणावं लागतं. हा हिशेब एकदा हाताने केला की पुढे कुठल्याही मोठ्या मॉडेलचा आकडा बघितला तरी तुमच्या मनात आपोआप प्रश्न येतो की हा कशाच्या बेरजेतून आला.

याच लोकांनी आयर्लंडच्या संसदेतल्या १९९१ च्या विश्वासदर्शक ठरावाच्या चर्चेवर हे लावून बघितलं होतं, तिथे एका टोकाला पंतप्रधान चार्ल्स हॉही यांचं भाषण आणि दुसऱ्या टोकाला विरोधी नेत्यांची भाषणं. बघा, त्यांनी तिथे मोजलेला अक्ष डावा-उजवा नव्हताच, सरकारच्या बाजूने की विरोधात हाच होता, आणि तो त्यांनी उघड ठरवून घेतला होता. आपण मोजतो तोच पण नाव देतो विचारसरणीचं, गडबड तिथे होते.

ज्यांच्याकडे असे दोन पक्के मजकूर नाहीत त्यांच्यासाठी जोनाथन स्लेपिन आणि स्वेन-ओलिव्हर प्रोक्श यांचं २००८ चं वर्डफिश आहे, त्यांनी ते १९९० ते २००५ च्या जर्मन पक्षांच्या जाहीरनाम्यांवर चालवलं. ते म्हणतं एखादा शब्द किती वेळा येईल हे चार गोष्टींवर ठरतं, माणूस किती बोलतो, शब्द मुळात किती वापरातला आहे, तो शब्द दोन टोकांना किती वेगळं करतो, आणि माणूस कुठे उभा आहे. पहिल्या दोन बाजूला काढून बाकीच्या दोन ते स्वतः शोधतं. सोपं वाटतं, पण मिळालेल्या अक्षाला नाव नसतं, नाव तुम्हाला द्यावं लागतं. आणि वर्षभराची सगळी भाषणं एकत्र टाकलीत तर एका टोकाला कापूस, बोंडअळी, पीकविमा आणि दुसऱ्या टोकाला पुनर्विकास, झोपडपट्टी, लोकल असं येईल, म्हणजे तुम्ही विदर्भ आणि मुंबई मोजलीत. हे टाळायचं तर एका चर्चेच्या आत माणसांची तुलना करा आणि मग सगळ्या चर्चांचे निकाल जोडा, बेंजामिन लॉडरडेल आणि अलेक्झांडर हर्झोग यांनी २०१६ मध्ये हेच केलं, त्याला वर्डशोल म्हणतात. वर २९३ ची चर्चा घ्या म्हटलं ते यासाठी.

तिसरा रस्ता म्हणजे पक्षाचं लेबल देऊन क्लासिफायर, म्हणजे भाषण बघून पक्ष ओळखणारं मॉडेल, शिकवायचा आणि तो किती खात्रीने कुठला पक्ष सांगतो त्याला कल समजायचं. साधं लॉजिस्टिक रिग्रेशन पुरतं, मराठीसाठी पुण्याच्या एल३क्यूबचं महाबर्ट किंवा गूगलचं म्युरिल ही आधीच शिकवलेली भाषा-मॉडेलं पण वापरता येतात. एकच गोष्ट कटाक्षाने पाळा, शिकवायचा आणि तपासायचा भाग भाषणांनुसार वेगळा करू नका, माणसांनुसार करा. एकाच आमदाराची पाच भाषणं शिकवण्यात आणि दोन तपासणीत गेली तर मॉडेल त्याच्या तालुक्याचं नाव आणि त्याची बोलायची लकब ओळखून बरोबर उत्तर देतं आणि तुम्हाला वाटतं विचार ओळखला. सायकिट-लर्नमध्ये ग्रुप के-फोल्ड त्यासाठीच आहे.

विचार मोजला की खुर्ची मोजली

माझ्या मते अख्ख्या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि ती गाळलेले प्रोजेक्टच जास्त बघितलेत. टोरोंटोच्या ग्रॅम हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कॅनडाच्या संसदेवर काम केलं. ३६ व्या संसदेत लिबरल सरकार होतं, ३९ व्या संसदेत कंझर्व्हेटिव्ह. लिबरल कोण कंझर्व्हेटिव्ह कोण हे मॉडेल छान ओळखायचं, पण बारकाईने बघितलं तर ते पकडत होतं हल्ल्याचे आणि बचावाचे शब्द, म्हणजे सत्तेत कोण आणि विरोधात कोण. सरकार बदललं की एका संसदेत शिकलेलं दुसऱ्या संसदेत चालेना.

महाराष्ट्राएवढी चांगली प्रयोगशाळा यासाठी कुठे मिळेल असं मला वाटत नाही. २०१४ ते २०१९ भाजप सत्तेत, काँग्रेस विरोधात. २८ नोव्हेंबर २०१९ ला उद्धव ठाकरेंचं सरकार आलं, काँग्रेस सत्तेत आणि भाजप विरोधात. ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, परत उलटं. २ जुलै २०२३ ला अजित पवार सरकारमध्ये गेले. तीच माणसं, तेच सभागृह, तीच मराठी, फक्त बाकं बदलली. तर चाचणी अशी करा, भाजप आणि काँग्रेसची २०१४-१९ ची भाषणं देऊन मॉडेल शिकवा आणि २०१९-२२ च्या भाषणांवर तपासा. उत्तरं निम्म्याहून जास्त चुकायला लागली, म्हणजे भाजपच्या आमदाराला काँग्रेसचा आणि काँग्रेसच्या आमदाराला भाजपचा सांगायला लागलं, तर समजा तुम्ही खुर्ची मोजत होता. मग वजनदार शब्द उघडून बघा, एका बाजूला 'चौकशी', 'भ्रष्टाचार', 'कधी देणार', 'अपयशी' आणि दुसऱ्या बाजूला 'मंजूर', 'निर्णय घेतला', 'कोटी रुपये', 'प्रस्तावित' अशी रांग लागलेली दिसेल. विरोधात बसलेला प्रत्येक जण चौकशी मागतो, त्यात विचारसरणी नाही.

यातून बाहेर पडायचा रस्ता पण इथेच आहे. दोन्ही काळांसाठी वेगवेगळी मॉडेलं शिकवा आणि फक्त तेच शब्द ठेवा ज्यांचं वजन दोन्ही काळांत एकाच पक्षाकडे झुकतं. खूप शब्द गळतील, गळू द्या. उरतील ते कमी असतील पण ते माणसाबरोबर बाक बदलूनही टिकलेले असतील.

योजनांची नावं या गाळणीतही त्रास देतात म्हणून ती आधीच वेगळी काढा. 'जलयुक्त शिवार', 'शिवभोजन', 'लाडकी बहीण' हे शब्द कोणाचं सरकार होतं ते सांगतात. कर्जाचं बघा, २०१७ ची योजना छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची, २०१९ ची महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची कर्जमुक्ती योजना. मॉडेलने 'फुले' हा शब्द एका पक्षाला जोडला तर तो फुल्यांच्या विचाराबद्दल बोलणाऱ्यालाही तिकडे ढकलेल, आणि हे मला खरंच सहन होत नाही, कारण फुल्यांचं नाव कोण योजनेसाठी घेतंय आणि कोण सत्यशोधकी भूमिकेतून बोलतंय हा फरक आपल्यासाठी फार मोठा आहे. योजनेचं पूर्ण नाव आलं की त्या जागी 'योजनानाव' असा एक शब्द टाका, एकटं 'फुले' आलं तर राहू द्या.

आणखी एक चाचणी आहे, ती अर्ध्या तासात होते. पक्षांची लेबलं पत्त्यांसारखी पिसून माणसांना वाटा आणि सगळं परत चालवा. आता फरक दिसायलाच नको. तरी दिसला तर तो तुमच्या पद्धतीतून येतोय. गेंट्झको, शपिरो आणि मॅट टॅडी यांनी १८७३ ते २०१६ च्या अमेरिकन काँग्रेसच्या भाषणांवर २०१९ मध्ये हेच दाखवलं, शब्द लाखो आणि प्रत्येक शब्द थोड्याच वेळा बोललेला असला की साध्या मोजणीत पक्षांमध्ये नसलेला फरक पण दिसतो. ती चूक काढल्यावर त्यांना दिसलं की भाषेतली पक्षीय दरी बराच काळ लहान होती आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून झपाट्याने वाढली. चूक न काढता बघितलं असतं तर हा बदलच नीट दिसला नसता.

चॅटबॉटला विचारायचं असेल तर

आता सगळे हेच विचारतात. २०२३ मध्ये काही संशोधकांनी ११६ व्या अमेरिकन सिनेटच्या सदस्यांची नावं जोड्या-जोड्यांनी चॅटजीपीटीला देऊन यातला जास्त लिबरल कोण असं विचारलं आणि सगळ्या जोड्यांचे निकाल जोडून पट्टी बनवली, ती मतदानावरून काढलेल्या पट्टीच्या बरीच जवळ आली. पण तिथे मॉडेलला नावं दिली होती, भाषणं नाही, म्हणजे या लोकांबद्दल आधी जे लिहिलं गेलंय ते त्याने सांगितलं. आपल्या पहिल्यांदा निवडून आलेल्या आमदाराबद्दल इंटरनेटवर फार काही नसतं, तिथे ते पक्षाचं नाव बघून अंदाज बांधणार. म्हणून भाषण द्या, नाव देऊ नका. व्यक्ती, पक्ष, नेते, मतदारसंघ, जिल्हा सगळं झाकून द्या, दोन उतारे शेजारी ठेवा आणि वहीत लिहिलेलं ते एक वाक्य प्रश्न म्हणून विचारा. उताऱ्यांची अदलाबदल करून परत विचारा, पहिला उतारा निवडायची सवय असते त्याला. 'ठरवता येत नाही' हा पर्याय ठेवाच, पुलाच्या दुरुस्तीबद्दलच्या उताऱ्यातून कल काढायला लावलं तर ते काढून देतं.

आणि माणसांकडून तपासून घेतल्याशिवाय काहीही छापू नका. दोनशे उतारे काढा, दोघांना वेगवेगळं वाचायला द्या, शक्यतो दोघांची राजकीय मतं वेगळी असावीत, आधी दोघांचं एकमेकांशी किती जुळतं ते बघा, मग मॉडेलशी. दोन माणसांचंच जुळत नसेल तर दोष मॉडेलमध्ये शोधू नका, तुमचं वहीतलं वाक्य सैल आहे, ते घट्ट करा आणि परत सुरू करा. माझ्याकडे आलेल्या एका ग्रुपचं हे तीनदा झालं, तिसऱ्यांदा त्यांनी 'सरकारने मदत करावी का' हे बदलून 'सरकारने स्वतः खरेदी करावी का' असं केलं आणि मग दोघांचं जुळायला लागलं.

निकाल मांडताना एकटा आकडा देऊ नका. प्रत्येक सदस्याच्या भाषणातली वाक्यं सोडतीसारखी निवडून, एकच वाक्य परत आलं तरी चालेल, हजार वेळा स्कोअर काढा आणि तो कुठपासून कुठपर्यंत फिरतो ती पट्टी दाखवा. ज्याची अधिवेशनात दोनच भाषणं आहेत त्याची पट्टी इकडून तिकडे पसरेल, त्याला क्रमवारीत बसवू नका, नाव वगळा आणि मजकूर कमी म्हणून वगळलं असं लिहा. पहिल्यांदा निवडून आलेल्यांना, त्यातही मागच्या बाकांवर बसणाऱ्यांना बोलायला वेळ कमी मिळतो, त्यांच्यावर अर्ध्या पानाच्या जोरावर शिक्का मारणं अन्यायाचं आहे. बाकी प्रत्येकाच्या आकड्याशेजारी तो आकडा सगळ्यात जास्त हलवणारी त्याची पाच वाक्यं तारखेसकट छापा, म्हणजे वाचणारा त्या दिवसाचं कामकाज उघडून स्वतः बघू शकेल.